अक्का, तुझ्या मापांची वही

अक्का, परवा तुझा दहावा झाला. मांडवीच्या घाटावर पिंड मांडला आणि कावळा काही शिवेना. मग आपल्या दादानं काय केलं असेल? दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडायला लागला. "सुमे, तुझ्या मशिनीला कुणी हात लावणार न्हाई. सुमे, तुझी खोली हाय तशी ठिवतो बघ." त्याचं बघून चुलते ओरडले, मामा ओरडले. नदीकाठी पाच-सहा बाप्ये उभे राहून एका बहिऱ्या बाईला ओरडून ओरडून वचनं देत होते. जन्मापासून तुला कधी काही ऐकू आलं नाही, ते मेल्यावर यावं अशी यांची अपेक्षा. मला आधी हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ इतका संताप आला की मी पदराचा बोळा तोंडात धरला.

पिंडापुढं वांग्याचं भरीत होतं. वहिनीनं मुद्दाम केलेलं, तुझ्या आवडीचं म्हणून. ते बघितलं आणि मी तिथून उठले. पायऱ्यांवर ओळखीच्या बायका बसल्या होत्या. एकीनं माझा हात धरून म्हटलं, "एक बरं झालं बाई, तिला काय कळलं न्हाई. सुखानं गेली." दुसरी म्हणाली, "देवानं कान न्हाई दिले त्ये एका अर्थी चांगलंच केलं." मी कधी नव्हे ते तोंड मिटून बसले, कारण त्या बायांना जे माहीत नव्हतं त्यातलं निम्मं माझंच पाप होतं.

म्हणून आज लिहायला बसलेय. हातांनी हे तुझ्याशी बोलायचं धाडस झालं नाही आणि आता बघायला तू नाहीस. लिहिलेलं मात्र तू सगळं वाचायचीस, भेळेच्या पुडीचा कागदसुद्धा पुसून वाचायचीस. हेही वाचशील असं समजून लिहिते.

ओतूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत तुझं ब्लाउज शिवायचं दुकान. पाटी नव्हती, लागायचीही नाही. 'मुकीचं दुकान' म्हटलं की लहान पोरही आणून सोडायचं. पुण्याच्या बहिऱ्या मुलींच्या शाळेत दहा वर्षं शिकून आलेली, सुरेख अक्षराची, अख्ख्या तालुक्यात बाहीचा मुंढा बसवण्यात जिचा हात कुणी धरू शकत नव्हतं अशी बाई, आणि तिचं नाव मुकी. तुला ते ओठांवरून कळायचं. तू फक्त टेप गळ्यात अडकवायचीस आणि पडद्याकडे बोट करायचीस.

तो पडदा म्हणजे तुझा कायदा होता. बाई एकटी आत यायची. बरोबर सासू असो, नणंद असो, बाहेर. कुणी डोकावलं तर लाकडी पट्टी हातावर बसायची, माझ्यासुद्धा बसलीय. माप घेऊन झालं की ते त्या निळ्या पुठ्ठ्याच्या लांब वहीत जायचं आणि वही साडीच्या काठानं बांधून ड्रॉवरमध्ये. वहीत कुणाचं नाव नव्हतं. प्रत्येक पानावर वर एक छोटं चित्र. तुमच्या शाळेत जशी एकमेकींना हाताच्या खुणेची नावं असतात तशी तू गावातल्या बायांना ठेवली होतीस. हनुवटीवरचा तीळ, तिरकं चालणारं पाऊल, नथ. मला लवंगी मिरची. का, ते विचारायची गरज नव्हती. वही कुणाच्या हाती लागली तरी कुणाची छाती केवढी आणि कुणाची कंबर केवढी ते त्याला कळू नये, एवढी तुझी काळजी.

गावातली किती गुपितं तुझ्या टेपला आधी कळली असतील. एकदा एक सासू दुकानात येऊन मला म्हणाली, "इचार गं तिला, माझ्या सुनंची कंबर वाढलीय का?" मी हातांनी विचारलं. तू छताच्या पंख्याकडे बघत राहिलीस, जणू पंखाच दुरुस्त करायला आणलाय. ती बाई गेल्यावर तू मला दटावलंस, की असले प्रश्न माझ्यापर्यंत आणायचेच नाहीत. मला तेव्हा तुझा राग आला होता. एवढं काय त्यात, असं वाटलं होतं.

आता त्या दवाखान्याचं लिहिते. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर लोक म्हणतील तो एकच वाईट, आणि बाकीचे सुटतील.

संक्रांतीच्या आसपास तुला छातीत गाठ लागली. तू मला दाखवलीस आणि आपण दोघी गेलो. तिथं तुझं नाव पुकारलं ते तुला कळलं नाही, तर कंपाउंडर मला म्हणाला, "पेशंटला ऐकू येत नाय तर सांगायचं ना आधी." आत डॉक्टरांनी विचारलं, "हिला काय होतंय? हिचं वय काय? हिची पाळी बंद झाली का?" तू समोर बसली होतीस, गाठ तुझ्या अंगात होती, आणि प्रश्न सगळे मला. एकदाही त्यांनी तुझ्याकडे बघितलं नाही. सुई घालून तपासणी करायची म्हणून कागद आला, तर नर्सनं थेट शाईचं पॅड पुढं केलं आणि तुझा अंगठाच धरला. तू हात सोडवून घेतलास, तिच्या खिशातलं पेन काढलंस, आणि पेन हातात धरून आधी कागद वाचायला लागलीस. कागद इंग्रजीत. तू माझ्याकडे बघितलंस, काय लिहिलंय? मी हात हलवला, कर सही, काही नाही विशेष. तू केलीस, माझ्यावर विश्वास ठेवून. ती पहिली चूक.

रिपोर्ट घ्यायला गेलो त्या दिवशी तू तयारीनं आली होतीस. पुण्यात दुभाष्याचं काम करणारी ती मुलगी, तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं गाठून दिलेली, तिला तू फोनवर तयार ठेवलं होतंस. डॉक्टरांच्या टेबलावर फोन उभा केलास. पडद्यावर ती म्हणाली, "नमस्कार डॉक्टर, तुम्ही यांच्याशीच बोला, मी हातांनी यांना सांगते." डॉक्टर म्हणाले, "ते व्हिडिओबिडिओ नको इथं. बंद करा. ही बहीण आहे ना बरोबर?"

आणि अक्का, खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं. लहानपणापासून सगळे म्हणायचे, सुमीचं सगळं या धाकटीलाच कळतं. तो माझा मोठेपणा होता. माझे हात कसले होते ते तुलाच ठाऊक. स्वयंपाकाचे, शेताचे, भांडणाचे हात. तुमची शाळेतली खरी भाषा मी कधी शिकलेच नाही. तू दोनदा शिकवायला बसलीस, मी दोनदा भाजी फोडणीला टाकायचं निमित्त करून उठले. पण डॉक्टर 'बहीण आहे ना' म्हणाले आणि मी मान ताठ करून बसले. मीच फोन आडवा केला.

मग डॉक्टरांनी मास्क न काढता तुझ्याकडे तोंड केलं आणि ओरडले. बहिऱ्या माणसाशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, एवढं शिकायला यांना किती वर्षं लागतात कोण जाणे. "छातीत गाठ आहे. साधी नाही. कॅन्सरची आहे. पुण्याला जावं लागेल." दार उघडं, दाराला नुसता पडदा, आणि तोही अर्धा. बाहेर बाकावर पंधरा माणसं. त्यात तुझ्या गिऱ्हाइकांपैकी तिघी, पिंपळवंडीची शेवंतामावशी सगळ्यात पुढं. ज्या बायांच्या छातीचं माप तू त्यांच्या नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नाहीस, त्या बायांनी तुझ्या छातीतलं सगळं ऐकलं. तुला दिसले ते फक्त डॉक्टरांचे वटारलेले डोळे आणि बाहेरच्या बाकावर एकदम वळलेली तोंडं. तू माझी बाही ओढलीस. काय?

तेवढ्यात डॉक्टर माझ्याकडे झुकले आणि अगदी हळू बोलले. "राहू द्या, हिला नका सांगू. पेशंट खचतात. घरच्यांनी मिळून ठरवा." बघ हं. तुझा आजार ओरडून सांगितला आणि तुला सांगू नका हे कुजबुजून सांगितलं.

तू परत बाही ओढलीस. मी हातांनी म्हटलं, पित्त. पित्ताची गाठ. पथ्य पाळायचं.

दादा म्हणाला, "कशाला त्या बिचारीला घोर. मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर तिला काय समजणार, किती हाल व्हणार. जगल तितकं सुखानं जगू दे." मी शाळेत पोरांना खरं बोलावं म्हणून फळ्यावर रोज सुविचार लिहिते. मी मान डोलावली. तुझ्या आयुष्याचा निवाडा आम्ही दोघांनी चहा पिता पिता केला आणि तू शेजारीच बसून वहिनीच्या पोरीच्या परकराला हेम मारत होतीस. आमच्या तोंडाकडे बघून दोनदा विचारलंस, काय बोलताय? दादानं हातानं कांदा दाखवला. कांद्याचं बोलतोय.

तू वांगं सोडलंस, हरभऱ्याची डाळ सोडलीस, लोणचं सोडलंस. सात महिने. एखाद्या शहाण्या पोरीसारखं पथ्य पाळलंस, आणि मी दर आठवड्याला येऊन पित्ताच्या काढ्याची बाटली बघायचे, संपली का म्हणून. त्या सात महिन्यांत काय काय होऊ शकलं असतं ते मी मोजत नाही, मोजायला गेले तर वेड लागेल. पण परवा कावळ्यापुढं भरीत ठेवलं ना, तेव्हा मला वाटलं पान उचलून दादाच्या अंगावर भिरकावावं आणि उरलेलं माझ्या.

तुला कळलं ते गौरी-गणपतीच्या गर्दीत. माणसं गोड वागायला लागली म्हणून तुला संशय आला. गळा खोल झाला, बाही आखूड झाली म्हणून ज्या दरवर्षी भांडायच्या, त्या भांडेनात. एकीनं लाडू आणले. एकीनं तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग शेवंतामावशी आली तेव्हा तू दुकानाचं दार लावलंस आणि खडूनं कटिंगच्या टेबलावर लिहिलंस, मला काय झालं आहे. ती मावशी सातवी शिकलेली. रडत रडत तिनं तुझ्याच खडूनं तुझ्याच टेबलावर लिहिलं. मला तिनं मागाहून सांगितलं, "मला वाटलं तिला ठावं असंल गं. आमाला समद्यांना ठावं व्हतं, तिलाच कसं नसंल?"

तू मला बोलावून घेतलंस. टेबल पुसलं नव्हतंस. मावशीच्या अक्षराखाली तू लिहिलंस: गाव ऐकतं. पेशंट मी. मी हात हलवायला लागले, तुझ्या भल्यासाठी, तू घाबरशील म्हणून, दादा म्हणाला म्हणून. तू लिहिलंस: पित्त? आणि माझ्याकडे बघत राहिलीस. मी परत भल्यासाठी, भल्यासाठी. तेव्हा तू डोळे मिटलेस.

ऐकणाऱ्या माणसाला हे कळायचं नाही. आम्ही भांडताना कानांवर हात ठेवला तरी आवाज येतोच. तू डोळे मिटलेस की संपलं, समोरचं माणूस नाहीच. मी तुझा खांदा धरला, हलवला. तू मशीनवर ताठ बसून राहिलीस, डोळे घट्ट मिटून, आणि माझे हात हवेत. तेव्हा पहिल्यांदा मला समजलं, की त्या दवाखान्यात तुझ्याभोवती काय होतं ते.

पुढं तू आम्हाला विचारणं सोडून दिलंस. दसऱ्यानंतर एकटी एसटीनं पुण्याला गेलीस, त्या दुभाषी मुलीला बरोबर घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलीस. परत आलीस ती गोळ्यांची पिशवी घेऊन. तिथं काय म्हणाले, ऑपरेशन सांगितलं की उशीर झाला सांगितलं, तू काय विचारलंस, काय ठरवलंस, एक अक्षर नाही. दादा चिडला. "आमाला न सांगता गेलीच कशी?" म्हणाला. त्याला अजून कळलेलं नाही तो काय बोलला ते. आल्या दिवशी तू वहिनीच्या चुलीवर स्वतः दोन वांगी भाजलीस आणि सगळ्यांच्या देखत एकटीनं खाल्लीस.

दिवाळीला माझ्या ब्लाउजचं माप घेताना टेप इतका आवळलास की मी ओरडले, आणि तू हसलीस. गालाला ती खळी पडली. मला वाटलं मिटलं. पण त्या गोष्टीवर तू कधी हात हलवला नाहीस. एकदा मी दुकानाच्या दारात उभी राहून दोन्ही कान धरले. मुलं चुकली की धरतात तसे. तू मशीनवर वाकलेली होतीस, सुईत दोरा ओवत. तू बघितलं नाहीस आणि दुसऱ्यांदा धरायचं मला जमलं नाही. एवढंच राहिलं बघ सांगायचं. चुकलं माझं.

शेवटच्या आठवड्यात तू ती निळी वही माझ्या हातात दिलीस. एकेका चित्रावर बोट ठेवून ते बोट बाहेर रस्त्याकडे नेलंस. ज्याचं त्याला. मग ओठांवर बोट.

तू गेलीस त्या सकाळी आम्ही बायांनी तुला आंघोळ घातली. तुझ्या ट्रंकेत वरच एक नवा ब्लाउज होता, अस्तर लावलेला. तुझ्या अंगावर तेव्हा काही उरलं नव्हतं, जुने ब्लाउज नुसते लोंबायचे. मला वाटलं हाही लोंबेल, टाके घालावे लागतील. तो अंगावर असा बसला की चुलती म्हणाली, "नशीब बघा, कसा मापात आला." नशीब कसलं. शेवटच्या दिवसांत तू स्वतःचं माप घेत होतीस. पडद्याआड, एकटी. आणि लोक म्हणतात तिला कळलं नाही.

दहाव्याला ती दुभाषी मुलगी आली होती, तुझ्या दोन शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन. माईकवर श्रद्धांजलीची भाषणं चालू होती. एक पुढारी तुला 'मूकबधिर असूनही' असं सारखं म्हणत होते. ती मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि सगळं हातांनी त्या दोघींना सांगायला लागली. पुढारी अडखळले. एवढ्या वर्षांत आपल्या घरच्या एकाही कार्यात तुझ्यासाठी असं कुणी उभं राहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

नंतर मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, पोरी, मी तिची सख्खी बहीण. पुण्याला डॉक्टरांपाशी अक्का काय बोलली ते मला सांग. शेवटी काय ठरवलं तिनं? माझ्याबद्दल काही म्हणाली का?

ती शांतपणे म्हणाली, "ताई, ते अक्कांचं आहे. मला नाही सांगता येणार."

मला राग आला, अक्का. काल आलेली पोर आणि मला नाही म्हणते. मी म्हटलं, "अगं, ती आता गेली." ती म्हणाली, "गेल्या तरी त्यांचंच आहे." आणि नमस्कार करून मैत्रिणींबरोबर स्टँडकडे निघून गेली. कावळा त्यानंतर कधीतरी शिवला म्हणतात. मी बघितला नाही.

काल आणि आज मी दुकान उघडून बसले. बाया येतात, मी एकेकीला आत बोलावते, पडदा ओढते, चित्र शोधते, पान फाडून तिच्या हातात देते. शेवंतामावशीच्या पानावर साळुंकी निघाली. बघून मावशी रडता रडता हसली, "मेली, मला बडबडी म्हनायची व्हय," म्हणाली, आणि पान घडी करून पोलक्यात खोचलं. दुपारपर्यंत वही जवळजवळ रिकामी झाली. माझी मिरची मी काढून घेतली.

शेवटी एकच पान उरलं. वर एका गालाचं चित्र आणि त्यात खळीचं टिंब. खाली आकडे होते, बरेच, एकाखाली एक, आणि मला दिसलं की आकड्यांच्या खाली काही लिहिलेलंही आहे. चार-पाच ओळी. तुझं सुरेख अक्षर. मी वर 'मला' एवढा शब्द वाचला, आणि हातानं पान झाकलं.

वाचायचं होतं गं. त्यात माझं नाव असेल, शिवी असेल, नाहीतर माफी असेल, काहीही असेल, मला हवं होतं. पण तू ते मला दिलं नव्हतंस. ज्याचं त्याला म्हणाली होतीस.

पानाची घडी घातली, दोऱ्यानं बांधली आणि मळ्यात घरी आले. वहिनीची चूल पेटलेली होती. तू ज्या वाटेनं गेलीस त्याच वाटेनं ते पान लावून दिलं. दादा ओट्यावर बसून बघत होता. म्हणाला, "वहीतलं व्हतं ना? सुमीचं? काय लिवलं व्हतं गं त्यात?"

मी म्हटलं, "ते अक्काचं हाय, दादा."